मळणीचा हंगाम आणि मोडलेली हाडे : पहिले सहा तास हातचे घालवू नका

सोयाबीन निघालं, की गावोगावी मळणी यंत्रांची घरघर सुरू होते. पुढे तूर, हरभरा, गहू असं करीत ती उन्हाळा लागेपर्यंत थांबत नाही. याच दिवसांत उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याला लागतात. यंत्रात हात ओढला जाणं, ट्रॉलीच्या हुकात बोटं चिरडणं, बैलाच्या लाथेनं नडगी मोडणं, पोरगं चिंचेवरून पडणं, या दुखापती शेतीच्या पंचांगातच बसलेल्या आहेत म्हणा ना. शेतकऱ्याला त्याचं नवल वाटत नाही. नवल याचं वाटायला हवं, की हाडांची शस्त्रक्रिया एवढी पुढे गेली असताना खेड्यातल्या माणसाचा हात किंवा पाय अजूनही कायमचा अधू होतो. बऱ्याच वेळा तो ऑपरेशनच्या टेबलावर जात नाही, त्याआधीच्या काही तासांत जातो. शेतात, वाटेत, नाहीतर पट्टी बांधणाऱ्याच्या ओसरीवर.

पहिला गैरसमज असा, की हाड मोडलं असतं तर हात हललाच नसता. "बोटं हालत्यात की रं, मुका मार असंल," असं म्हणून तेल चोळलं जातं. बोटं हलविणारे स्नायू आणि शिरा शाबूत असतील, तर मोडलेल्या हाताचीही बोटं हलतात. त्यावरून काहीच ठरत नाही. सूज झपाट्यानं वाढली, हाताचा आकार बदलला, एका ठिकाणी बोट ठेवताच माणूस कळवळला, पायावर भार टाकता येईना, तर हाड मोडलं असं धरूनच चालावं. एक्स-रे काढून मोडलेलं नाही असं निघालं, तर शंभर-दोनशे रुपयांचं नुकसान. उलट झालं तर काय होतं ते पुढे येईलच.

शेतातली जखम वेगळी

कातडी फाटून हाडापर्यंत जखम गेली असेल, तर त्याला उघडा अस्थिभंग म्हणतात. अशा जखमांची वर्गवारी गस्टिलो आणि अँडरसन या दोन अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९७६ साली मांडली. साधी, मधली आणि गंभीर अशा तीन पायऱ्या. पुढे डॉक्टरांमध्ये असा नियम रूढ झाला, की शेतात, गोठ्यात झालेली जखम दिसायला लहान असली, तरी ती तिसऱ्या पायरीचीच मानायची. कारण मातीत आणि शेणात धनुर्वाताचे आणि वायुकोथाचे जंतू असतात. वायुकोथात मांस आतून सडतं, त्यात हवा धरते, कातडी दाबली तर कुरकुर लागते. हा प्रकार एकदा सुरू झाला, तर पाय कापण्यावाचून इलाज राहत नाही आणि कधी कधी कापूनही माणूस राहत नाही.

म्हणून अशा रुग्णाला प्रतिजैविकाचं इंजेक्शन होईल तितक्या लवकर, शक्य तर पहिल्या तासाभरातच मिळायला हवं. सोबत धनुर्वाताचं. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकतं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याची वाट पाहायची गरज नाही. पुढे ऑपरेशनमध्ये काही लिटर सलाईनच्या पाण्यानं जखम धुतात, मेलेलं मांस कापून काढतात आणि पुष्कळ वेळा जखम मुद्दाम उघडीच ठेवतात. "एवढा मोठा डॉक्टर, पण टाके घातले नाहीत," म्हणून नातेवाईक कुरबुर करतात. घाण जखम वरून शिवली, की जंतूंना बंद खोली मिळते, म्हणून टाके थांबवलेले असतात.

आपल्याकडे मात्र जखमेत आधी हळद, चुना, कॉफीची भुकटी, तंबाखू, चुलीतली राख, कधी यंत्राचं ऑईल जातं. हळदीची थोरवी मान्य करूनही सांगावं लागतं, की हाडापर्यंत गेलेल्या जखमेत ती घालायची नसते. आत गेलेला प्रत्येक कण डॉक्टरला पुन्हा उकरून काढावा लागतो. पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं वरची माती वाहून जाऊ द्यावी, धुतलेलं ओलं फडकं झाकावं, बस. बाहेर आलेलं हाड आत ढकलू नये. रक्त वाहत असेल तर फडक्याची घडी करून तळहातानं घट्ट दाबून धरावं. पाच मिनिटं दाबलेला हात उचलून "थांबलं का" म्हणून बघू नये. पिचकारीसारखं रक्त उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद कापडाचा पट्टा आवळावा आणि किती वाजता आवळला ते कागदावर लिहून द्यावं. तार, सुतळी, चाळाची दोरी यासाठी वापरू नये. ती मांसात रुतते.

बोट किंवा हात तुटून वेगळाच झाला असेल, तर तो टाकून देऊ नये आणि थेट बर्फातही घालू नये. स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा आणि ती पिशवी बर्फाच्या भांड्यात ठेवावी. बोटात मांस कमी असतं, म्हणून ते थंड ठेवलं तर बऱ्याच तासांनीही जोडण्याचा प्रयत्न करता येतो. मनगटाच्या वरच्या हाताला तेवढी सवलत नाही. तिथं सहा तासांच्या आतबाहेरच खेळ असतो. दवाखान्याला आधी फोन करून "जोडण्याची सोय आहे का" हे विचारून मगच गाडी त्या दिशेनं हाकावी.

कामट्यांची पट्टी आणि कोपराचं हाड

लहान मुलांत सर्वांत घातक दुखापत कोणती म्हणाल, तर कोपराच्या जरा वर मोडलेलं दंडाचं हाड. पाच ते आठ वर्षांचं पोर झाडावरून, बैलगाडीवरून हात टेकत पडतं आणि तिथलं पातळ हाड मोडतं. त्याच्या अगदी पुढूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. सूज आतून वाढते, मांसावरचं आवरण ताणत नाही आणि आतल्या दाबानं रक्ताचा पुरवठा बंद पडू लागतो. अशात वरून बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या, तर उरलासुरला पुरवठाही थांबतो. रक्ताविना स्नायू साधारण सहा तास तग धरतात. त्यानंतर ते मरतात आणि आक्रसून त्यांचा दोरखंड होतो. मनगट वाकतं, बोटं पक्ष्याच्या नखांसारखी आत वळतात. व्होल्कमान नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८१ साली या विकाराचं सविस्तर वर्णन केलं आणि घट्ट पट्टीकडे बोट दाखवलं. त्याला एवढी वर्षं झाली, तरी असा वाळलेला हात घेऊन फिरणारा माणूस आपल्याकडच्या आठवडे बाजारात अजूनही दिसतो.

खूण सोपी आहे. पट्टी किंवा प्लास्टर कुणीही घातलेलं असो, डॉक्टरने घातलेलं असलं तरी, बोटांकडे पाहत राहावं. नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार पडली, काळी-निळी दिसू लागली, मुंग्या येऊन बधिर झाली, किंवा मुलाचं बोट हळूच सरळ करताना त्यानं किंकाळी फोडली, तर सकाळची वाट पाहायची नाही. पट्टी त्याच घडीला सैल करायची आणि दवाखाना गाठायचा. वेळेत गेलं तर डॉक्टर मांसावरचं आवरण चिरून दाब मोकळा करतात आणि हात वाचतो. "पोर रडतंच, दुखणारच की," असं म्हणून गोळी देऊन झोपवणं इथं महागात पडतं.

हाडवैद्याला नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो गावात असतो, रात्री उठतो, पैसे कमी घेतो आणि कापाकापी करीत नाही. न सरकलेलं साधं हाड त्याच्या पट्टीतही जुळतं, कारण हाड जुळतं ते शरीराच्या धर्मानं. त्याचं श्रेय पट्टीला मिळतं एवढंच. या विद्येचा डॉक्टरीशी जुना संबंधही आहे. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४ ते १८९१) हे वेल्सकडच्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. बाप पट्टी बांधणारा, पण त्याने पोराला डॉक्टरी शिकवली. थॉमस यांनी पायासाठी लोखंडी सळईची एक चौकट बनविली. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात ती रणांगणावर नेली. त्याआधी मांडीचं हाड मोडलेले बहुतेक जवान दवाखान्यात पोचण्याआधी किंवा पोचल्यावर दगावत. चौकटीत पाय ताणून स्थिर केल्यावर हे मृत्यू झपाट्याने घटले. ऑपरेशन तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो रुग्णाला हलवण्याआधी पाय न हलेल असा बांधल्याने. मोडलेल्या मांडीत आतल्या आत लिटरभर रक्त वाहून जातं, आणि हिसक्यागणिक ते वाढतं.

म्हणून उचलण्याआधी बांधा. नियम एकच : मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा सांधा, दोन्ही हलता कामा नयेत. हाताला फळी नसेल तर हेच वर्तमानपत्र जाड घडी करून मनगटापासून कोपरापर्यंत ठेवावं, वरून उपरण्यानं सैलसर गुंडाळावं आणि गळ्यात झोळी करावी. पायाला काही मिळालं नाही, तर मध्ये घोंगडी घालून चांगल्या पायालाच मोडका पाय बांधावा. अंगठी, कडं, बांगड्या, जोडवी लगेच काढाव्यात. सूज आल्यावर ती कापावी लागतात. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची पद्धत मांडीच्या हाडाला तर जिवावरचीच आहे. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, ती बोलवावी. ती येण्यास उशीर असेल तर टेम्पोत आडवं निजवून न्यावं. आणि वाटेत चहा पाजू नये. पोटात काही असलं, की भूल देण्यासाठी तासन् तास थांबावं लागतं. आपली माया इथं आड येते.

जिप्समपासून सळईपर्यंत

चोपण जमीन सुधारायला आपण जे जिप्सम टाकतो, त्यातूनच प्लास्टर होतं. जिप्सम तापवलं की त्यातलं पाणी उडून भुकटी होते आणि तीत पुन्हा पाणी घातलं की ती दगडासारखी घट्ट होते. घट्ट होताना गरमही होते. प्लास्टर घातल्यावर "आत भाजतंय" असं वाटतं ते यामुळे. ही भुकटी पट्टीत भरून वापरायची युक्ती मॅथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरने १८५१-५२ च्या सुमारास काढली. आजही मनगट, लहान मुलांचे हात, न सरकलेली हाडं यांना तीच पुरते.

पण मांडी आणि नडगीला प्लास्टर म्हटलं, की महिनोन् महिने खाट. पाठीला जखमा, गुडघा आखडलेला, वाटणीची जमीन पडीक. यावर जर्मनीतल्या कील गावचे डॉक्टर गेऱ्हार्ट कुंचर यांनी १९३९ साली उपाय काढला. लांब हाड बांबूसारखं आतून पोकळ असतं. त्या पोकळीतून वरून खालपर्यंत पोलादी सळई घालायची. सुरुवातीला सहकाऱ्यांनाच ते पटलं नाही. युद्धानंतर जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या सैनिकांच्या मांड्यांत सळया दिसल्या, तेव्हा बाकीच्या जगाला हे समजलं. पुढे सळईच्या दोन्ही टोकांना हाडातून आडवे स्क्रू घालायची पद्धत आली. त्यामुळे तुकडे झालेलं हाडही आखूड होत नाही की फिरत नाही. आता ऑपरेशन चालू असताना पडद्यावर हाड दाखविणारं सी-आर्म यंत्र असतं. मोडलेली जागा न उघडता लहान छेदातून सळई जाते आणि पुष्कळ रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुबड्यांवर उभे राहतात. "रॉड टाकला म्हणजे पाय कायमचा गेला" हे गावातलं बोलणं सोडून द्यायला हवं.

सळई असो, पट्टी असो की प्लास्टर, ती हाड जोडत नाहीत. ती फक्त धरून ठेवतात. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डोळा हलला तर कलम धरत नाही, फार आवळलं तर सुकतं, आणि सालीखालचा रस जिवंत नसेल तर कितीही नीट बांधा, उपयोग नाही. हाडाचंही तसंच. लहान मुलाचं हाड तीन-चार आठवड्यांत धरतं. मोठ्या माणसाच्या हाताला दीड-दोन महिने, नडगीला चार महिने, कधी जास्तही. बिडी आणि तंबाखूने हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जुळणी लांबते. हे पथ्य खरं. चिंच-लिंबू बंद करण्याचं पथ्य मात्र निराधार. उलट आंबट फळांतलं जीवनसत्त्व हाड भरायला लागतंच.

आणि ज्यांचं हाड पू होऊन झिजलं, मध्ये इंच-दोन इंच जागाच उरली, त्यांचं काय? याचं उत्तर एका खेड्यातल्या डॉक्टरने शोधलं. गावरील इलिझारोव्ह (१९२१ ते १९९२) हे सायबेरियातल्या कुर्गान भागात खेडोपाडी डॉक्टरकी करीत. समोर होते दुसऱ्या महायुद्धातून अधू होऊन आलेले सैनिक. त्यांनी १९५० च्या दशकात पायाभोवती लोखंडी कड्या बसवल्या आणि सायकलच्या तारांसारख्या बारीक तारा हाडातून आरपार नेऊन त्या कड्यांना ताणून बांधल्या. कड्यांमधले नट फिरवले की हाडाचे तुकडे जवळ येतात किंवा लांब जातात. दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा, असं हाड ताणलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं, मांस आणि शिराही सोबत वाढतात. पाश्चात्त्य देशांना याचा पत्ताच नव्हता. कार्लो माउरी हे इटालियन गिर्यारोहक पायाच्या जुन्या दुखण्याने त्रासले होते. ते १९८० साली कुर्गानला जाऊन पाय बरा करून आले. पुढल्याच वर्षी इलिझारोव्ह यांना इटलीत व्याख्यानाला बोलावलं गेलं.

ही पद्धत आज आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत होते. पण पाच सेंटिमीटर हाड भरायचं तर पाच-सात महिने ती कडी पायात राहते. रोज नट फिरवायचे, तारांच्या जागा स्वच्छ ठेवायच्या आणि कडीसह चालायचं. घरच्यांची तयारी नसेल तर अर्ध्यातून सोडून दिलेला रुग्ण आधीपेक्षा वाईट होतो. तेव्हा होकार देण्याआधी घरात बसून नीट विचार करावा.

पाय वाचवायचा की कापायचा, हा निर्णय कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलने २००६ मध्ये मांडलेल्या गुणपद्धतीमुळे जरा सोपा झाला आहे. कातडी, हाड, स्नायू आणि रुग्णाची एकूण स्थिती यांना गुण देतात. १४ किंवा कमी गुण असतील तर पाय वाचवायचा प्रयत्न करायचा, १७ किंवा जास्त झाले तर कापण्याचा विचार, मधल्यांत अनुभवाची कसोटी. डॉक्टर कापायचं म्हणाले, तर "गुण किती भरले?" असं विचारण्याचा हक्क नातेवाइकांना आहे.

म्हातारीचं खुब्याचं हाड

न्हाणीत पाय घसरला, उठता येईना, पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं आणि पाय आखूड दिसतोय. हे खुब्याचं हाड. "आता वय झालं, कशाला चिरफाड, पडू दे खाटंवर," असा निर्णय भावकीत पाच मिनिटांत होतो. त्या खाटेवर पुढे पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचतो, आणि पुष्कळ म्हाताऱ्या काही महिन्यांत जातात. जातात त्या मोडलेल्या हाडाने नाही, पडून राहिल्याने. शक्यतो दोन दिवसांत ऑपरेशन करून हाड पक्कं केलं किंवा वरचा गोळा बदलला, तर लवकरच त्यांना उभं करता येतं. उतारवय हे इथं ऑपरेशन टाळण्याचं कारण नसून लवकर करण्याचं कारण आहे. याबाबतीत लोकांना न आवडणारं सांगावंसं वाटतं. बैलाचा पाय मोडला, तर रात्रीतून जनावरांचा डॉक्टर आणतोच ना आपण?

यंत्र, कायदा आणि कागद

ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक त्यात गेलं, तर "अगं" म्हणायच्या आत सगळा पदर आणि हात आत गेलेला असतो. मळणी यंत्राच्या भारतीय मानकानुसार पेंढी सरकवायची तसराळीसारखी नळी निदान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा यंत्राकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. हात ड्रमपर्यंत पोचूच नये, हा त्यामागचा हिशेब. काम उरकावं म्हणून हे झाकण काढून ठेवणारे मालक आहेत. धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ सालचा, तो मुळात मळणी यंत्रासाठीच झाला आणि त्यात मजुराला भरपाईची तरतूद आहे. ग्रामसभेत हा विषय हंगामाआधी एकदा घेतला, तर काय बिघडेल?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वहितीदार शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य येतो. वय १० ते ७५. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत होती, २०२३ पासून शासन थेट सानुग्रह अनुदान देतं. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक हात किंवा एक पाय निकामी झाल्यास एक लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत, सोबत सातबारा, वयाचा पुरावा आणि स्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा माहिती अहवाल. घरचे दवाखान्यात असतात तेव्हा महिना कसा जातो कळत नाही, म्हणून पोलीस पाटील, तलाठी आणि कृषी सहायक यांनीच दार ठोठावलेलं बरं. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि जो खातेदाराच्या घरचाही नाही, असा मजूर यात बसत नाही. यंत्रात पेंढ्या घालणारा पुष्कळदा तोच असतो. त्याच्या बाबतीत पंचनाम्यात यंत्र कुणाचं, झाकण होतं की नव्हतं, हे स्पष्ट लिहिलं गेलं तरच वरच्या कायद्याचा उपयोग होतो.

ऑपरेशनच्या खर्चासाठी २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं, ते पैसे भरण्याआधी. कोणतं ऑपरेशन योजनेत बसतं, सळई आणि स्क्रूचे पैसे वेगळे लागतात का, हे त्याच्याकडून विचारून घ्यावं. प्लास्टर निघालं किंवा टाके सुटले, की दवाखान्यातून निघताना एक्स-रेच्या फिल्म आणि सळईचा तपशील लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं. फिल्म उन्हात आणि उंदरांच्या तावडीत टाकू नये, ट्रंकेत सातबाऱ्याशेजारी ठेवावी. वर्ष-दीड वर्षाने सळई काढायची की ठेवायची हे ठरवताना डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.